दुसरा निंब

निंब मी मारला. त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली नव्हती. कालपरवापर्यंत गावात कुणालाही विचारलं असतं तर उधईनं खाल्ला असंच सांगितलं असतं, कारण मीच तसं सांगत सुटलो होतो. बोलणं हा माझा स्वभाव नाही. घरातले मला घुम्या म्हणतात. बायको म्हणते, ह्या माणसापेक्षा म्हैस बरी, निदान रेकते तरी. पण ती एवढी एक गोष्ट मी चार माणसांत बसून, घोळून घोळून सांगितली, आणि ती साफ खोटी होती.

आता खरं लिहितो. माफीसाठी लिहीत नाही. ज्यांची मागायची ते आबा, म्हणजे माझे वडील, आता नाहीत. भावाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटावं म्हणूनही लिहीत नाही. लिहितो ते दुसऱ्या निंबासाठी.

आमचा मळा यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. मोठा भाऊ केळी बघतो, मी गुरं बघतो. वाटण्या झालेल्या नाहीत, कामं वाटलेली आहेत. मळ्यात दोन निंब होते. एक गोठ्याला लागून, इतका जवळ की त्याच्या फांद्या गोठ्याच्या जुन्या छपरावर टेकायच्या. दुसरा मधल्या बांधावर. त्याच्या एका बाजूला पडीक तुकडा, दुसऱ्या बाजूला भावाची केळी.

वैशाखात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मोटरसायकलच्या सीटला हात टेकला तर झटकन उचलावा लागतो. त्या उन्हापासून केळी वाचवायला आम्ही काय काय करतो ते बघा. पश्चिमेकडून गजराज गवताची भिंत उभी करतो. तिच्या पुढे हिरवी जाळी बांधतो. घडाला पिशवी घालतो. घडाच्या दांड्याला चटका बसू नये म्हणून त्यावर वाळलेलं पान गुंडाळतो, तान्ह्या पोराला टोपडं घालावं तसं. आणि त्याच मळ्यात, त्याच दुपारी, काळ्या कातडीची म्हैस, जिला घामही धड येत नाही, ती तापल्या पत्र्याखाली उभी. तिला तिथं बांधणारा मी.

पत्र्याचा गोठा माझ्या डोक्यात जळगावच्या एका मेळाव्यात शिरला. पडद्यावर एकेक गोठ्याचे फोटो दाखवत होते. निळे पत्रे, सिमेंटची गव्हाण, वर ओळीनं पंखे, खाली ओळीनं गुरं, शेणाचा ठिपका नाही. आमच्या गोठ्यात निंबोळ्यांचा चिखल व्हायचा, बगळे शिटायचे, पाला गव्हाणीत पडायचा. मला लाज वाटली. घरी येऊन मी आबांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पत्रे टाक, पंखे लाव, काय पाहिजे ते कर," आबा म्हणाले. "निंबाले हात लावायचा नाही."

"निंब ठेवला तर गोठ्याची लाइन बसत नाही, आबा."

"मग लाइन वाकडी कर."

त्यावर पुढे बोलणं नव्हतं. आबांनी एकदा सांगितलं की सांगितलं. मी पण एकदा ठरवलं की ठरवलं, एवढंच की मी ते बोलून दाखवत नाही.

मायचं माहेर धुळ्याकडचं. तिकडं लग्न होतं म्हणून ती आणि आबा गेले होते. भाऊ केळी कापणीच्या गडबडीत. मी निंबाच्या बुंध्याजवळची माती उकरली, जमिनीखाली हातभर गेलो आणि कुऱ्हाडीनं सालीचा पट्टा चहूबाजूंनी उतरवला. मनगटावरून बांगडी काढावी तसा. उघड्या पडलेल्या लाकडावर मोरचूद चोळलं. माती परत लोटली आणि वर उकिरडा ओढला. हात धुतले, धारा काढल्या, दूध डेअरीत घालून आलो. त्या दिवशीही म्हशी निंबाखालीच बसल्या होत्या. नेहमीसारख्या.

पुढच्या वर्षी पानगळीनंतर पालवी आली ती पिवळी, बारीक. मग तीही झडली. आबा रोज बुंध्याशी उभे राहून वर बघायचे. मी म्हणालो, उधई दिसते. त्यांनी झाडाला पाणी घालायचं ठरवलं. विहिरीच्या हौदातून बादली भरून आणायचे. गुडघ्यांनी चालवत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या हातातली बादली घ्यायचो आणि मीच ओतायचो. माझ्याच हातानं, त्याच उकिरड्यावर.

शेवटी झाड तोडावं लागलं. लाकडं गाडीत भरून झाल्यावर आबा खुंटावर वाकले, बोटानं चाचपून म्हणाले, "पोखरलेलं तर कुठी दिसत नाही रे."

"उधई आतून असते, आबा."

"हां," ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यानंतर वर्षभरात ते गेले.

गोठा झाला. लाइन अगदी सरळ बसली. मी फोटो काढून डेअरीच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी अंगठे टाकले. मग उन्हाळा आला. दुपारी पत्रा तडतड वाजायचा, फुटाणे भाजावेत तसा. पंखे होते, पण आमची लाइट ऐन दुपारी जाते. आणि लाइट असली तरी पंखा खाली फेकणार काय, तर पत्र्याखालचीच गरम हवा. म्हशी दिवसभर उभ्याच राहायच्या. माना लांब, तोंडं उघडी, लाळेच्या तारा लोंबलेल्या. चारा समोर पडून असायचा. दूध उतरलं, फॅट उतरली. माजावर यायची वेळ झालेल्या वगारी माजावर येईनात. मी डॉक्टर आणले, टॉनिक पाजलं, पत्र्यावर गोणपाट टाकून पाणी मारलं. खरं कारण मला ठाऊक होतं. त्याचा खुंट गोठ्याच्या मागंच होता.

त्या कळपात कपाळावर पांढरा चांद असलेली एक म्हैस होती. दांडगी. बाकीच्या तिच्या मागं चालायच्या. गाभण होती. एका दुपारी तिनं दावं तोडलं आणि सरळ मधल्या बांधावरच्या दुसऱ्या निंबाकडे निघाली. मी काठी घेऊन मागं. पोचलो तोवर ती बसली होती. म्हैस बसते याचा अर्थ गुरं पाळणाऱ्यालाच कळतो. पत्र्याखाली आठवडाभर मी कुणालाही धड बसलेलं पाहिलं नव्हतं. थोड्याच वेळात तिचा श्वास खाली आला. मग डोळे अर्धे मिटले आणि जबडा हलायला लागला. रवंथ करत होती. मी काठी धरून तिच्याशेजारी उभा होतो आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं. वर पानं हलत होती, खाली माती थंड होती.

तेवढ्यात केळीतून भावाचा आवाज आला. "का रे, तुह्या बंगल्यात करमत नाही का तिले?"

त्याच्यासोबतचे दोघंतिघं हसले. बस, एवढंच झालं. मी त्या म्हशीला काठीनं झोडपत परत आणलं आणि दाव्याच्या जागी साखळी घातली. मारताना मला माहीत होतं की ती बरोबर आहे. निंब मारला तेव्हा निदान मी मूर्ख होतो. साखळी घातली तेव्हा मूर्ख नव्हतो.

आठवडा गेला नाही तोच ती गाभडली. पोटातलं रेडकू गेलं, आणि मग ती जी बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. साखळी मी तिच्या गळ्यातून काढली तेव्हा तीही चटका देत होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळी गुरं मी दुसऱ्या निंबाखाली हलवली. घरात सांगितलं की गोठ्याची फरशी दुरुस्त करायची आहे. ती दुरुस्ती आजतागायत चालू आहे. रात्री गोठ्यात, दिवसा निंबाखाली. सावली सरकते तशी गुरं सरकतात. सकाळी केळीच्या बाजूला, दुपारी बुंध्याला चिकटून, दिवस कलला की पडीकात लांबवर. बुंध्याजवळची जागा म्हाताऱ्या म्हशींची. एखादी तरणी घुसली तर शिंग खाते आणि गुमान बाहेर सरकते. मला कुणाला हाकलावं लागत नाही. हळूहळू चारा संपायला लागला, दूध वर आलं, वगारी माजावर आल्या. डेअरीच्या ओट्यावर लोकांनी विचारलं, काय केलंस रे? मी म्हणालो, "पेंड बदलली."

बघा, दुसऱ्यांदा. खरं सांगायला कुणी अडवलं नव्हतं. पण झाडामुळं दूध वाढलं म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग पहिलं झाड गेलं कसं? म्हणून पेंड. लोकांनी माझी पेंड आणायला सुरुवातही केली.

ह्या वर्षी भावानं सांगितलं, बांधावरचा निंब काढायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, ते मी आजही कबूल करतो. निंबाच्या सावलीतल्या दोन ओळी दरवर्षी मागं पडतात, घड बारीक येतात. सावद्याहून व्यापाऱ्याचा माणूस येतो आणि त्या ओळींपाशी आला की तोंड वाकडं करतो. भाऊ वर्षभर केळीत राबतो. त्याला ते तोंड बघवत नाही.

"आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी मशीनवाला येईन," तो म्हणाला. "सणाला पोरींचा झोका होऊन जाऊ दे."

"गुरं कुठं बांधू?"

"गोठा कशाले बांधला?"

"दूध कमी होईल, भाऊ."

"तुही पेंड आहे ना," भाऊ म्हणाला. "अन् पाह्य, पहिल्याले उधई लागली. हा पण त्याच मातीतला. उद्या वादळात पडला तर तुह्याच म्हशींवर पडेन."

  त्याच्या हातातली दोन्ही हत्यारं मीच घडवून दिली होती. पेंड माझी, उधई माझी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधतात. पहिला निंब होता तेव्हा झोका त्याला असायचा, तो गेल्यावर बांधावरच्या निंबाला आला. अक्का, माझी मोठी बहीण, पिंप्राळ्याहून आली होती. पोटभर रस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन सगळे निंबाखाली आलो. एका फांदीला झोका, खाली एका अंगाला म्हशी पसरलेल्या. माय बुंध्याला टेकून बसली. अक्का पन्नाशी ओलांडलेली, पण झोक्यावर बसली की कुणाला उतरू देत नाही.

"काय रे भाऊ," ती वरून ओरडली, "पुढच्या साली झोका कुठी बांधायचा? तुह्या केळीले?"

"लोखंडाचा आणून देतो. पोर्चमध्ये टांग."

"अन् ह्या म्हशी? त्यांले पण पोर्चमध्ये टांगू का?"

सगळे हसले. भाऊही हसला. मग म्हणाला, "मजाक सोड अक्का. झाड आतून गेलेलं आहे. पहिल्याचं काय झालं, आठवते ना? आबा पाणी टाकून टाकून थकले. उधईपुढं कुणाचं काही चालत नाही."

त्या पाण्याचा विषय त्यानं काढायला नको होता.

"उधई नव्हती," मी म्हणालो.

कुणाचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. "उधई नव्हती. निंब मी मारला."

झोका थांबला. भाऊ माझ्याकडे बघून हसला. "ऊन लागलं वाटते ह्याले. सावलीत बसून ऊन लागलं."

मी उठलो, फावडं घेतलं आणि गोठ्यामागं गेलो. माझ्या मागं सगळे आले, मायसुद्धा, अक्काच्या हाताला धरून. खुंटावर पुन्हा उकिरडा झालेला होता. मी शेण ओढलं, माती ओढली. कोरडी माती, घट्ट, पण मला जागा माहीत होती. हातभर खाली गेलो आणि तो पट्टा उघडा पडला. झाड वाळलं तरी कुऱ्हाडीचे घाव वाळत नाहीत. एकाशेजारी एक, पूर्ण गोल.

"या," मी म्हणालो. "बघा. उधई अशी गोल खाते का?"

भाऊ वाकला. त्यानं घावांवरून बोट फिरवलं, आबांनी फिरवलं होतं तसंच. आबांनी वर चाचपलं होतं, एवढाच फरक. मी बोलत गेलो. लाइन सरळ बसावी म्हणून मारला. चांदवाली म्हैस मी साखळी घालून मारली. पेंड कधी बदललीच नव्हती, तीच सरकी पेंड आहे जी आबा घालायचे. दूध ह्या दुसऱ्या निंबानं वाढवलं. आयुष्यात एका दमात मी एवढं कधी बोललो नव्हतो. बायको तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती.

मायनं विचारलं ते एवढंच. "तुना बाप पानी टाकत व्हता ना रे?"

"हो, माय."

"तू बादली उचलत व्हता."

"हो."

ती खुंटाकडे बघत राहिली. मग अक्काला म्हणाली, मले घरी ने. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. मी वाटेत आडवा गेलो नाही.

भाऊ मात्र आता लाल झाला होता. "म्हणजे दोन्ही वेळेले तू मले येडं बनवलं."

"हो."

"गावाले पण."

"हो."

"अन् आता मलेच सांगतो, झाड ठेव. कोणत्या तोंडानं सांगतो?"

"याच," मी म्हणालो. "दुसरं माझ्याकडे नाही."

त्याला असं उत्तर माझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. पण एकदा सुटलो तो सुटलो. मी म्हणालो, त्या दोन ओळींत पुढच्या वर्षी केळी लावू नकोस, तेवढी जमीन माझ्या वाट्यातली धर. मला शिव्या दे, गावभर सांग, घरात जेवायला वाढू नका म्हण. सगळं मला लागू आहे, निंबाला नाही. मी खोटा आहे म्हणून त्याची सावली खोटी होत नाही. पहिला मी मारला, म्हणून दुसरा मारायला देणार नाही. आणि मशीन आणलीस तर आधी म्हशी सोडाव्या लागतील. त्या मी सोडणार नाही.

"माणसासाठी कोणी एवढं करत नाही," भाऊ म्हणाला.

"तू घडाला टोपडं घालतोस ते?"

तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सगळी गुरं बांधावर आणली आणि बुंध्याभोवती खुंटे ठोकून बांधली. एरवी मी त्यांना मोकळी सोडतो, त्या दिवशी बांधली. ऊन वर आलं तसा मशीनवाला आला, मोटरसायकलवर मागं एक माणूस, त्याच्या मांडीवर करवत. म्हशींकडे बघून थबकला.

"मालक कोण?"

"मी पण आहे," मी म्हणालो.

केळीतून भाऊ आला. रात्रभर झोपला नसावा. मशीनवाला त्याला म्हणाला, गुरं बाजूला घ्या, दुपार व्हायच्या आत मोकळं करून देतो. भाऊ त्या दोन ओळींच्या कडेला उभा राहिला. त्यानं एका घडाची पिशवी वर केली, आतले बारके फणे बघितले आणि पिशवी परत खाली ओढली. मग वर निंबाकडे बघितलं. झोका अजून फांदीलाच होता, अक्कानं सोडला नव्हता.

"आज नाही," तो म्हणाला.

"मग कधी येऊ?"

भावानं माझ्याकडे न बघता हात केला. "त्याले विचार."

मशीनवाल्यानं माझ्याकडे बघितलं. एक म्हातारी म्हैस बुंध्याकडे सरकत होती, तिच्यासाठी मी बाजूला झालो.

"येऊच नका," मी म्हणालो.